सोबतीने घडणारा मेंदू

माणसाला भाषा उपजत येते की ती कानांवाटे आत येते, असा प्रश्न अकबर बादशहाला पडला होता. प्रश्नाचे उत्तर पंडितांच्या वादातून शोधण्याऐवजी त्याने ते प्रयोगातून शोधावयाचे ठरविले. त्यासाठी एक स्वतंत्र वास्तू बांधण्यात आली, तीत नवजात अर्भके ठेवण्यात आली, दाया व पहारेकरी नेमण्यात आले, आणि मुलांच्या कानांवर एकही शब्द पडता कामा नये अशी सक्त ताकीद देण्यात आली. लोक त्या वास्तूला 'गुंग महाल' म्हणजे मुक्यांचा महाल म्हणू लागले. सुमारे चार वर्षांनी, १५८२ च्या ऑगस्टमध्ये, बादशहा स्वतः निवडक मंडळींसह तेथे गेला. मुलांच्या तोंडून मुक्या माणसाच्या आवाजांखेरीज काहीही निघाले नाही, असे अबुल फजलने 'अकबरनाम्या'त नमूद केले आहे.

अबुल फजलच्या वृत्तांताचा सारा रोख भाषेवर आहे. परंतु त्या महालात मुलांपासून केवळ शब्द हिरावले गेले होते असे नाही. बाळाने हुंकार द्यावा आणि कोणी तरी त्याला ओ द्यावी, बाळ हसावे आणि समोरचा चेहरा उजळावा, ही जी देवघेव प्रत्येक घरात दिवसातून शेकडो वेळा, कोणाच्या ध्यानीमनीही नसताना घडत असते, तिच्यावरच तेथे बंदी होती. ही देवघेव मुलाच्या केवळ करमणुकीची गोष्ट आहे, की तिच्यावाचून मुलाचा मेंदूच अपुरा राहतो? माणसांत मिसळण्याची जी शक्ती पुढे आयुष्यभर माणसाच्या उपयोगी पडते, ती तो जन्मतः बरोबर आणतो, की पहिल्या दोन-तीन वर्षांत ती त्याला सोबतीतून मिळते? विसाव्या शतकात ह्या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेण्यात आला. तो शोध बराचसा दुःखद प्रसंगांतून झाला असला, तरी त्यातून हाती आलेले ज्ञान प्रत्येक घराच्या व प्रत्येक बालकाश्रमाच्या उपयोगाचे आहे.

दूध आणि स्वच्छता पुरेशी आहे काय?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतील सुशिक्षितांवर जंतूंच्या भयाचा मोठा पगडा होता. मुलाला वेळच्या वेळी दूध मिळावे, अंथरूण निर्मळ असावे व त्याला शक्य तितका कमी हात लागावा, हे शास्त्रीय संगोपन मानले जाई. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन ह्यांनी १९२८ साली बालसंगोपनावर एक ग्रंथ लिहिला. मुलांना कवटाळू नये, मांडीवर घेऊ नये, फार तर रात्री निजताना कपाळाचा एकदा मुका घ्यावा व सकाळी हस्तांदोलन करावे, असा उपदेश त्यांनी त्यात मातांना केला. प्रेमाने मूल दुबळे होते, अशी त्यांची समजूत होती.

ह्या समजुतीला पहिला मोठा धक्का रेने स्पिट्झ ह्या वैद्याच्या निरीक्षणांनी दिला. त्यांनी १९४५ साली दोन संस्थांची तुलना प्रसिद्ध केली. पहिली संस्था तुरुंगाला जोडलेले शिशुगृह होती. तेथे शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांना आपापल्या बाळाचे सारे काही स्वतः करण्याची मुभा होती. दुसरी संस्था म्हणजे टाकून दिलेल्या व अनाथ अर्भकांचे गृह. तेथील स्वच्छता, आहार व वैद्यकीय देखरेख ह्यांना नाव ठेवण्यास जागा नव्हती. पण एकेका परिचारिकेच्या वाट्याला आठ किंवा त्याहून अधिक बाळे येत, आणि संसर्ग टाळण्यासाठी पाळण्यांभोवती चादरी लावलेल्या असल्यामुळे बाळाच्या दृष्टीस छतावाचून दुसरे काही पडत नसे. दोन वर्षांच्या अवधीत त्या निर्मळ गृहातील ९१ मुलांपैकी ३४ मुले दगावली. तुरुंगातील एकही मूल दगावले नाही.

स्पिट्झ ह्यांच्या ह्या तुलनेवर पुढे टीकाही झाली, आणि ती सर्वस्वी गैरवाजवी नव्हती. दोन्ही संस्थांतील मुलांची कुळकथा एकसारखी नव्हती. तेव्हा फरक सोबतीमुळे पडला की अन्य कारणाने, हे केवळ निरीक्षणावरून निश्चित सांगता येत नव्हते. तथापि विचाराला चालना मिळाली. जॉन बोल्बी ह्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात, लहान मुलाला एका स्थिर व जिव्हाळ्याच्या माणसाची गरज अन्नाइतकीच मूलभूत असते, असा निष्कर्ष मांडला. इंग्लंडमधील इस्पितळांत त्या काळी आईबापांना आजारी मुलाला भेटण्याची फार थोडी मोकळीक असे. जेम्स रॉबर्टसन ह्यांनी इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ साली एक बोलपट तयार केला. मूल शांत दिसू लागले म्हणजे ते सुखी झाले असे नव्हे, हे त्याने डॉक्टरांना पाहावयास लावले. पुढे १९५९ साली तेथील सरकारी समितीने पालकांना मुलांकडे केव्हाही येऊ द्यावे, अशी शिफारस केली.

तारेची आई आणि कापडाची आई

ह्याच सुमारास अमेरिकेतील मॅडिसन येथे, विस्कॉन्सिन विद्यापीठात, हॅरी हार्लो नावाचे प्राध्यापक माकडांच्या बुद्धीचा अभ्यास करीत होते. ही माकडे म्हणजे मथुरा-वृंदावनापासून ग्वाल्हेरपर्यंतच्या लोकांच्या नित्य परिचयाची लाल तोंडाची माकडे. पोलिओच्या लशीसाठी व अन्य संशोधनासाठी त्या काळी भारतातून ती मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. १९७८ साली भारताने ही निर्यात बंद केली. आलेल्या माकडांत रोगराई फार असे, म्हणून हार्लो ह्यांनी स्वतःकडेच पैदास सुरू केली, आणि पिले निरोगी राहावीत ह्यासाठी जन्मानंतर काही तासांतच ती आईपासून वेगळी करून बाटलीच्या दुधावर वाढविली. पिले धष्टपुष्ट झाली, पण एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. पिंजऱ्यात अंथरलेल्या फडक्यांना ती घट्ट बिलगून बसत, आणि फडके काढून घेतले की आकांत करीत.

ह्या निरीक्षणातून हार्लो ह्यांचा प्रसिद्ध प्रयोग निघाला. त्याची हकीकत त्यांनी १९५८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून सांगितली. पिलांसमोर दोन बनावट आया ठेवण्यात आल्या. एक नुसत्या तारेच्या जाळीची, दुसरी मऊ कापडाने मढविलेली. काही पिलांना दुधाची बाटली तारेच्या आईपाशी मिळे. दूध देणाऱ्याचा लळा लागतो हे त्या काळचे शास्त्र खरे असते, तर ती पिले तारेच्या आईला बिलगली असती. प्रत्यक्षात ती दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि दिवसाचा उरलेला बहुतेक वेळ कापडी आईच्या अंगावर काढीत. ढोल वाजविणारे खेळण्यातले अस्वल अंगावर आले की पिलू जिवाच्या आकांताने कापडी आईकडे धाव घेई. थोडा धीर आला की तिला धरूनच त्या अस्वलाकडे टक लावून पाही, आणि पुढे चौकशीलाही निघे. सुरक्षिततेचा ठेवा पाठीशी असला तरच जिज्ञासा जागी होते, हा ह्या दृश्याचा अर्थ होता.

कापडी आई पुरेशी मात्र ठरली नाही. तिच्यापाशी वाढलेली पिले मोठी झाल्यावर कळपात वागण्यास नालायक ठरली. समोरच्या माकडाचा राग, आर्जव, खेळाचे आमंत्रण त्यांना उमगेना. त्यांतील ज्या माद्यांना पुढे पिले झाली, त्यांतील अनेकींनी पिलांकडे दुर्लक्ष केले, काहींनी तर त्यांना मारहाण केली. पूर्ण एकांतात ठेवलेल्या पिलांची दशा ह्याहून वाईट झाली. तीन महिन्यांचा एकांत संपल्यावर पिले सावरत. सहा महिन्यांनंतर त्यांचे वर्तन खोलवर बिघडलेले आढळे. आणि एक वर्षानंतर तर समाजात राहण्याची त्यांची पात्रता जवळजवळ नाहीशी झालेली दिसे. ह्याउलट, खरी आई नसली तरी रोज थोडा वेळ बरोबरीच्या पिलांशी खेळावयास मिळाले, तर बिघाड पुष्कळच कमी होई.

हे प्रयोग निर्दय होते, ह्यात शंका नाही. त्यांच्यावर त्या काळीही टीका झाली, आणि प्राण्यांवरील प्रयोगांना कडक बंधने घालावीत ह्या मताला त्यांनी पुष्कळ बळ दिले. परंतु त्यांनी जे दाखविले ते विसरणे म्हणजे त्या मुक्या जिवांच्या यातना व्यर्थ घालविणे होय.

कवटीच्या आत काय घडते?

जन्माच्या वेळी मुलाच्या मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या एक-चतुर्थांशाहून थोडे अधिक असते. दोन वर्षांत ते सुमारे तीन-चतुर्थांशावर पोहोचते. ही वाढ मुख्यतः नव्या पेशींची नसते. मज्जापेशी बहुतांशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. त्यांना शाखा फुटतात, आणि एका पेशीची शाखा दुसरीला जेथे भेटते तेथे निरोपाची देवाणघेवाण करणारे सांधे बनतात. पीटर हटनलॉकर ह्या अमेरिकन वैद्याने हे सांधे सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने मोजले. एक ते दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील कपाळामागच्या भागात त्यांची दाटी प्रौढाहून सुमारे दीडपट असते, असे त्यांनी १९७९ साली दाखवून दिले. पुढील वर्षांत ह्यांतील जे वापरात येतात ते दृढ होतात, जे पडून राहतात ते झडून जातात. माळी जशी वेल छाटतो तशीच ही छाटणी आहे. फरक इतकाच की येथे कोणती फांदी ठेवावयाची हे अनुभव ठरवितो.

अनुभवाला वेळेचे बंधन असते, हे डोळ्याच्या बाबतीत आधी सिद्ध झाले. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या पिलांचा एक डोळा आरंभीच्या काही आठवड्यांत बंद ठेवला. नंतर तो उघडला तरी त्या डोळ्याने पिलाला नीट दिसेना, कारण डोळा शाबूत असूनही मेंदूतील त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने व्यापली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असे काही होत नसे. दृष्टीविषयीच्या संशोधनाबद्दल ह्या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. साहजिकच पुढला प्रश्न असा निघाला की, डोळ्याला जसा प्रकाश, तशी मेंदूच्या एखाद्या भागाला सोबत आवश्यक असते काय?

ह्याचे एक स्पष्ट उत्तर २०१२ साली अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले. मज्जातंतूंवर मेदाचे एक आवरण चढत असते. विजेच्या तारेवरील वेष्टणाप्रमाणे ते निरोपाचा वेग वाढविते. आईचे दूध तुटल्यावर, म्हणजे एकविसाव्या दिवसापासून, दोन आठवडे ज्या पिलांना एकटे ठेवले, त्यांच्या मेंदूच्या पुढील भागात हे आवरण पातळ राहिले आणि ते घडविणाऱ्या पेशीही अविकसित राहिल्या. पुढे त्यांना पुन्हा जोडीदारांत सोडले तरी उणीव भरून निघाली नाही, आणि सोबत्यांशी वागण्यातही ती कमी पडली. तोच एकांत पस्तिसाव्या दिवसानंतर दिला असता तसा परिणाम दिसला नाही. एकटेपणाचे नुकसान येथे मनोवृत्तीपुरते राहिले नव्हते. ते मज्जातंतूंच्या रचनेतच सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकले.

मॉन्ट्रिअल येथे मायकेल मीनी ह्यांनी ह्याची दुसरी बाजू उजेडात आणली. काही उंदरीण माता आपल्या पिलांना पुष्कळ चाटतात, काही कमी. जी पिले भरपूर चाटली गेली ती मोठेपणी धीट निघाली. संकट येताच त्यांच्या रक्तात ताणाचा स्राव वाढे खरा, पण तो लवकर ओसरे. हा गुण रक्तातून उतरला असावा अशी शंका येणे स्वाभाविक होते. म्हणून पिलांची अदलाबदल करण्यात आली. तेव्हा असे दिसले की, कमी चाटणाऱ्या आईची पिले मायाळू उंदरिणीजवळ वाढली तर मायाळू उंदरिणीच्या पिलांसारखीच होतात. २००४ साली ह्या गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. आईच्या स्पर्शामुळे पिलाच्या जनुकांवर काही रासायनिक खुणा बदलतात आणि त्या टिकून राहतात, असे त्यांनी दाखविले. जनुक तेच राहते, परंतु ते किती बोलके व्हावे हे संगोपन ठरविते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. माणसाच्या बाबतीत असे प्रयोग करणे पाप ठरेल. पण जे शास्त्रज्ञ करू धजले नसते, ते एका राजवटीने केले.

बुखारेस्टची मुले

रुमानियाचे हुकूमशहा चाउशेस्कू ह्यांना देशाची लोकसंख्या वाढवावयाची होती. १९६६ साली त्यांनी गर्भपातावर बंदी घातली आणि संततिनियमनाची साधनेही दुर्मिळ केली. ज्यांना पोसणे शक्य नव्हते अशी मुले आईबाप सरकारी बालकगृहांत सोडू लागले, आणि तसे करण्यास उत्तेजनही मिळाले. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले अशा गृहांत असल्याचे जगाला कळले. खाटांच्या रांगाच रांगा, पाळीपाळीने बदलणारे नोकर, ठरल्या वेळी दूध आणि ठरल्या वेळी झोप. तान्ह्या मुलांच्या खोल्यांत विलक्षण शांतता असे, कारण रडून कोणी येत नाही हे मुलांना लवकरच समजले होते.

ह्यांतील काही मुले परदेशी दत्तक गेली. इंग्लंडमध्ये गेलेल्या १६५ मुलांच्या वाढीचा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. जी मुले सहा महिन्यांची होण्यापूर्वी नव्या घरी आली, ती बहुतांशी इतर मुलांसारखीच वाढली. त्यानंतर आलेल्यांपैकी अनेकांत माणसांशी संबंध जोडण्यातील अडचणी दीर्घकाळ राहिल्या. ही मुले तरुण झाल्यावर त्यांपैकी ६७ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत त्यांच्या मेंदूचे आकारमान इंग्लंडमध्येच जन्मलेल्या दत्तक मुलांच्या तुलनेत सरासरीने ८.६ टक्के कमी भरले. आणि बालकगृहात जितके महिने अधिक गेले होते, तितकी ही घट अधिक होती.

परंतु सर्वांत महत्त्वाचे काम खुद्द बुखारेस्टमध्ये झाले. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना ह्या तीन अमेरिकन संशोधकांनी सन २००० च्या सुमारास ते हाती घेतले. शहरातील सहा बालकगृहांतून सहा ते एकतीस महिने वयाची १३६ मुले निवडण्यात आली, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटातील ६८ मुले ह्या कामासाठी निवडलेल्या व साहाय्य पुरविलेल्या कुटुंबांकडे सांभाळण्यास देण्यात आली. दुसऱ्या गटातील ६८ मुले पूर्वीच्याच व्यवस्थेत राहिली. अशी वाटणी न्याय्य होती काय, हा प्रश्न संशोधकांनाही टाळता आला नाही. त्या वेळी त्या शहरात मुले सांभाळणारी कुटुंबे जवळजवळ उपलब्धच नव्हती, आणि बालकगृहातील कोणत्याही मुलाला पुढे घर मिळण्याची संधी आली तर ती अडवावयाची नाही, असा नियम आधीच करण्यात आला होता. स्पिट्झ ह्यांच्या कामात जी उणीव होती ती येथे दूर झाली. दोन गटांत पुढे दिसलेला फरक कुळाचा, आजाराचा वा योगायोगाचा मानण्यास जागा राहिली नाही.

साडेचार वर्षांच्या वयात बालकगृहांकडील गटाचा बुद्ध्यंक सरासरीने ७३ च्या आसपास होता, कुटुंबांत गेलेल्यांचा सुमारे ८१, आणि त्याच शहरात आपल्या आईबापांकडे वाढलेल्या मुलांचा सुमारे १०९. आठव्या वर्षी मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख काढले, तेव्हा दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांचे आलेख सर्वसाधारण मुलांसारखे आढळले. त्यानंतर घर मिळालेल्यांचे आलेख बालकगृहातील मुलांसारखेच राहिले. मेंदूच्या प्रतिमांतही हीच संमिश्र हकीकत दिसली. मेंदूतील करडा भाग दोन्ही गटांत कमीच राहिला, परंतु पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग कुटुंबात गेलेल्या मुलांत पुष्कळसा भरून निघाला. शिक्षकांनी दिलेल्या अभिप्रायांतही कुटुंबातील मुले वर्गात मिळूनमिसळून वागण्यात सरस ठरली, आणि त्यांतही लवकर घर मिळालेली अधिक. चंचलपणा व अवधानाची कमतरता मात्र घर मिळूनही फारशी हटली नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बालकगृहांतील पुष्कळ मुले अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडत, त्याचा हात धरून बाहेर जाण्यास तयार होत. वरवर पाहणाऱ्यास हा मनमिळाऊपणा वाटे. वस्तुतः तो त्याच्या उलट होता. आपले कोण व परके कोण हा विवेक सर्वप्रथम एका विशिष्ट माणसाच्या लळ्यातून उपजतो. तो लळाच न लागल्यामुळे ह्या मुलांना सारेच सारखे होते. अनोळखी माणूस दिसताच आईच्या पदराआड दडणारे मूल भित्रे नसते. त्याच्या सामाजिक बुद्धीची वाढ नीट चालू असल्याची ती खूण असते.

भरपाई होऊ शकते काय?

एवढे वाचून कोणाचा असा ग्रह होईल की, पहिली दोन वर्षे हातची गेली म्हणजे सारे संपले. पुरावा तसे सांगत नाही.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात हॅरल्ड स्कील्स हे मानसशास्त्रज्ञ १९३० नंतरच्या दशकात अनाथगृहांची तपासणी करीत. अनाथगृहातील दोन खुरटलेल्या बालिका जागेअभावी मतिमंद स्त्रियांच्या संस्थेत हलविण्यात आल्या. काही महिन्यांनी पाहतात तो त्या हसऱ्या व चपळ झालेल्या! त्या संस्थेतील स्त्रियांनी त्यांना मुलींप्रमाणे वागविले होते, दिवसभर कडेवर घेतले होते. स्कील्स ह्यांनी मग एकूण तेरा मुलांना असेच हलविले. त्यांचा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे २८ अंकांनी वर गेला; अनाथगृहात राहिलेल्या बारा मुलांचा सुमारे २६ अंकांनी उतरला. १९६६ साली त्यांनी सांगितलेली उत्तरकथा अधिक बोलकी आहे. ती तेराही मुले मोठेपणी स्वतःच्या पायांवर उभी होती. बारा जणांपैकी कित्येकांचे आयुष्य मात्र संस्थांच्या भिंतीआडच गेले. ज्यांना जगाने बुद्धिहीन ठरविले होते, त्या स्त्रियांच्या मायेने ही किमया केली होती.

हार्लो ह्यांच्याच प्रयोगशाळेतून १९७२ साली आशेची वार्ता आली. सहा महिने एकांतात राहिलेल्या माकडांना समवयस्कांत सोडले की ती अधिकच बिथरत. त्याऐवजी त्यांच्यासोबत अवघ्या तीन महिन्यांची पिले ठेवण्यात आली. इतकी लहान पिले मारामारी करीत नाहीत. ती जाऊन बिलगतात. पहिल्यांदा कोपऱ्यात अंग आखडून बसलेली माकडे हळूहळू त्या बिलगण्याला दाद देऊ लागली, आणि सहा महिन्यांत खेळूही लागली.

माणसांतील असाच दाखला दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. नाझींच्या टेरेझिनच्या छळछावणीतून वाचलेली तीन-चार वर्षांची सहा ज्यू मुले १९४५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील 'बुलडॉग्ज बँक' नावाच्या घरी आणण्यात आली. आईबाप त्यांनी जाणतेपणी पाहिलेलेच नव्हते. मोठ्या माणसांवर ती चवताळून जात, खेळणी मोडीत. पण आपापसांत त्यांची माया अशी की, एकजण मागे राहिला तर बाकीची पाऊल पुढे टाकीत नसत, आणि जेवताना शेजाऱ्याला मिळाले की नाही हे आधी पाहत. अ‍ॅना फ्रॉइड व सोफी डॅन ह्यांनी १९५१ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. मुले हळवी व अस्वस्थ होती, परंतु प्रेम करण्याची शक्ती त्यांच्यात जिवंत होती, कारण त्या भयंकर स्थळीही त्यांना एकमेकांची सोबत कायम मिळाली होती.

काय घ्यावे आणि काय घेऊ नये

ह्या साऱ्या ज्ञानाचा दुरुपयोगही होऊ शकतो, आणि तो झाला आहे. मूल अबोल निघाले की आईला दोष देण्याची खोड जुनी आहे. मूल माणसांपासून अलिप्त राहते त्या स्वमग्नतेच्या अवस्थेचे खापर विसाव्या शतकाच्या मध्यास कित्येक तज्ज्ञांनी 'थंड' आयांवर फोडले आणि अनेक निरपराध स्त्रियांची आयुष्ये कष्टी केली. ते मत साफ चुकीचे ठरले आहे. त्या अवस्थेची मुळे बहुतांशी जन्मापूर्वीच्या मेंदूच्या घडणीत व आनुवंशिकतेत आहेत. काही मुले स्वभावतःच मितभाषी असतात, तोही दोष नव्हे. तसेच आई दिवसा नोकरीस गेली म्हणजे मुलाचा लळा तुटतो, ही भीतीही निराधार आहे. अमेरिकेत हजाराहून अधिक मुलांच्या पाहणीचा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. पाळणाघरात राहिल्याने तेवढ्यामुळे आई-मुलाचे नाते बिघडत नाही, आई किती हळुवारपणे प्रतिसाद देते ह्यावर ते अवलंबून असते, असे त्यात दिसून आले. येथे ज्या हानीचा विचार केला ती काही तासांच्या विरहाची नव्हे; आपले असे कोणीच नसण्याची ती हानी आहे. आणि ते 'कोणी' म्हणजे जन्मदात्री आईच असावी असेही नाही. बाप, आजी, मावशी, दत्तक माता, ज्याला मुलाची हाक ऐकू येते आणि जो उद्याही तेथेच असणार आहे, असे कोणीही चालते.

आपल्याकडील बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याच्या चालीला ह्या संदर्भात एक वेगळे महत्त्व येते. अमेरिकेत १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना दिवसातून तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे हळुवार चोळण्याचा प्रयोग झाला. दहा दिवसांत त्यांचे वजन इतर अर्भकांपेक्षा रोजी ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. पायांवर बाळाला घेऊन त्याच्याशी बोलत बोलत त्याचे अंग चोळणारी आजी वजन तर वाढवितेच, शिवाय बोलण्यातून व नजरेतून मेंदूचीही जोपासना करीत असते. हीच देवघेव बाळाच्या हाती नुसता चमकता पडदा दिल्याने होत नाही, कारण पडदा बाळाच्या हुंकाराला ओ देत नाही.

समवयस्कांच्या सोबतीचे मोल महाराष्ट्रातही फार पूर्वी ओळखले गेले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना त्यातून रुजली, आणि २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या बालविकास योजनेत देशभर गेली. अंगणवाडीकडे खाऊ वाटण्याचे ठिकाण म्हणून पाहणे हे त्या कल्पनेचे अर्धेच मोल ओळखणे आहे. तेथे मुले एकत्र खेळतात, भांडतात व पुन्हा समेट करतात, हेही पोषणच होय.

राहिला प्रश्न ज्यांना घरच नाही त्यांचा. भारताच्या २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि दत्तकाबरोबरच प्रतिपालक कुटुंबाचा मार्गही मोकळा केला आहे. बुखारेस्टच्या अभ्यासातून ह्या तत्त्वाला काळाची एक अट जोडली जाते. तान्ह्या मुलाच्या बाबतीत कागदपत्रांत गेलेले सहा महिने आणि शाळकरी मुलाच्या बाबतीत गेलेले सहा महिने सारखे नसतात. आणि जोवर मूल संस्थेत आहे तोवर तेथेही पुष्कळ करता येते. एका बाईकडे थोडीच मुले असावीत, ती बाई महिन्या-महिन्याला बदलू नये, आणि मुलाला भरविताना व न्हाऊ घालताना तिने त्याच्याशी बोलावे. कोणत्याही बालकाश्रमाला भेट देणाऱ्या दात्याने धान्याची पोती व अंथरुणांची स्वच्छता जरूर पाहावी. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा. येथले मूल रात्री रडले, तर कोण येते, आणि काल आले होते तेच माणूस आजही येते काय?